औषधात न धरलेला थेंब

टिण.

दुपारच्या सामसुमीत तेवढाच एक आवाज आला, स्टीलच्या वाटीत खडा पडल्याचा.

जेवणं उरकून घर आडवं झालं होतं. पुढच्या खोलीत करमाडहून आलेले सूर्यभानदादा तोंडावर पंचा टाकून घोरत होते. सकाळीच वैजापूरहून आलेल्या रत्नमालाताई पंख्याखाली कुशीवर निजल्या होत्या. उद्या या बहीण-भावांच्या वडिलांचं, सर्जेरावांचं, वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. दहाला भंतेजी यायचे होते, गल्लीतली चाळीस-पन्नास माणसं यायची होती, आणि खिरीचे तांदूळ निवडायला मालनबाई मागच्या दारात ताट घेऊन बसल्या होत्या. दुसऱ्या कुणी निवडलेलं त्यांना चालत नसे. "मोंढ्यात तीस वर्सं धान्य निवडलंय मी," त्या म्हणायच्या, "तुमाला बघून खडा दिसत नाय, मला न बघता घावतो." डोळ्यांत काचबिंदू उतरल्यावरही हे वाक्य बदललं नव्हतं. बोटंच बघायची.

सुकेशनी मोरीत भांडी घासत होती, पण कान मागच्या दाराकडे होते. नऊ वर्षांत सासूच्या हातचा हा आवाज तिच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो चालू आहे म्हणजे घर जागेवर आहे असं तिला वाटे. एका खड्यापासून दुसऱ्या खड्यापर्यंत तिच्या हातून एक ताट निघायचं.

टिण.

आज दोन ताटं झाली. मग तीन. तिनं नळ बारीक केला.

टिण.

मग वाट्या झाल्या, पेले झाले, तवा झाला. तिनं नळ बंदच केला आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. खडा पडला नाही. थोड्या वेळानं ताटाची कड फरशीला लागली आणि तांदूळ सांडल्याची बारीक सळसळ झाली.

"आई," करुणाचा आवाज आला, "आजी बसल्या बसल्याच झोपली."

मालनबाई झोपल्या नव्हत्या. पाठ चौकटीला टेकलेली, डोळे अर्धे उघडे, कपाळावर घाम. सुकेशनीनं हात धरला तर वैशाखाच्या भर दुपारी तो माठाच्या पोटासारखा गार लागला. मनगटावर बोटं ठेवून ती थांबली. एक ठोका लागला. मग ती पुढच्याची वाट बघत राहिली, आत्ता मोरीत खड्याची बघत होती तशी.

"आत्या. आत्या, माझ्याकडं बघा."

"दिवस मावळला का गं?" मालनबाई पुटपुटल्या. "लई अंधारलं."

बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं.

*

रिक्षा येईपर्यंत रत्नमालाताईंनी आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांनी सुकेशनीकडे वर न बघताच विचारलं, "सकाळची गोळी दिलती का?"

"दिली ताई. आठला, चहाबरोबर."

"एकदाच?"

सुकेशनीच्या तोंडून लगेच हो निघायला हवं होतं. ते निघालं नाही. सकाळी घरात पाहुणे, गॅसवर दोन पातेली, नवऱ्याचा, आकाशचा, शेंद्र्याच्या कंपनीत न्यायचा डबा. गोळ्यांची सात खान्यांची डबी तिनं उघडलेली तिला आठवत होती. पण ती पुन्हाही उघडल्याचं आठवत होतं, नऊच्या सुमाराला, ताई आल्या आल्या "मायच्या गोळ्याबिळ्या झाल्या का?" म्हणाल्या तेव्हा. ती नुसतीच बघायला उघडली होती, की देऊनही टाकली?

"एकदाच," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"तुला नीट आठवंना झालंय," ताई शांतपणे म्हणाल्या. "मी तव्हाच म्हणले होते, मायला माझ्याकडं राहू दे. दादाच म्हणला, मुकुंदवाडीत राहू द्या, शहराला डॉक्टर जवळ."

"आता ते उकरू नको रत्ना," सूर्यभानदादा चपला शोधत म्हणाले. "सुकेशनीनं काही कमी केलं नाही मायचं."

"कमी केलं म्हणतंय कोण. मी जास्तीचं विचारू राहिले."

शेजारच्या मनकर्णाबाईंनी करुणाला कडेशी ओढून घेतलं. सात वर्षांची पोर सांडलेल्या तांदळाकडे बघत उभी होती. रिक्षात बसताना सुकेशनीला तिचं एवढंच ऐकू आलं, "मावशी, हे आता परत निवडायचे का?"

जालना रोडच्या सिग्नलवर रिक्षा थांबली. सुकेशनीचं बोट सासूच्या मनगटावरून हललं नव्हतं. आणि तिथंच, त्या लाल दिव्याखाली, मागचा महिना तिच्या डोळ्यांसमोरून ओळीनं जायला लागला. भर उन्हाळ्यात आत्या मोजे मागत होत्या. दोन जिने चढल्या की पायरीवर बसायच्या. पहाटे उठून सांगायच्या, "रातच्याला तुझे सासरे आले व्हते. गँगमनच्या कपड्यात, हातात कंदील. रुळावरून मला म्हणतेत, चल." सुकेशनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. घरात सगळ्यांनी ते दुःखाच्या खात्यात टाकलं होतं. वर्षाचे दिवस जवळ आलेत, होतं असं. रत्नमालाताई तर फोनवर हसून म्हणाल्या होत्या, "सून चांगली भेटली तर सासूला आळस चढतोच."

दुःखानं हात गार पडतात का, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

*

दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी लांबवर ओढली आणि नर्सला इंजेक्शन सांगितलं. मग बाहेर आल्या.

"ठोके छत्तीस आहेत. सत्तरच्या आसपास हवेत. हृदयाला वरून निरोप येतो तो खाली नीट पोचत नाहीये. कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

सुकेशनीनं पदराखालून पिशवी काढली. फाईल, चिठ्ठी, डबी. "बीपी वाढलं होतं, धडधड व्हायची. पाच आठवडे झाले, ही सुरू आहे."

"मेटोप्रोलॉल. हे औषध हृदयाचा वेग कमी करतं, म्हणूनच देतात. हात-पाय गार पडणं, थकवा, चक्कर, विचित्र स्वप्नं, असं काही?"

सुकेशनीनं मान हलवली. एकेका शब्दाला हलवत गेली.

"आज जास्तीची गेली का?"

कॉरिडॉरमध्ये तिघं होती, पण सुकेशनीला वाटलं अख्खी मुकुंदवाडी कान लावून उभी आहे. रत्नमालाताईंनी तिच्या हातातून डबी घेतली आणि बाकावर पदर पसरून त्यात पालथी केली. रविवारी भरलेली डबी. आज गुरुवार. पदरात दोन गोळ्या पडल्या. शुक्रवारची एक, शनिवारची एक.

ताईंनी डबीचा एकेक खाना बोटानं चाचपून बघितला, जशी त्यांची आई तांदूळ चाचपते. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "बरोबर हाय गं सुकेशनी."

सुकेशनीला हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. चूक तिची असती तर निदान काय झालंय ते कळलं असतं. आता डॉक्टरबाई कपाळाला आठ्या घालून चिठ्ठी वाचत होत्या.

"एवढ्या लहान डोसनं एवढं सहसा होत नाही. दुसरं काहीतरी सोबतीला असणार. आणखी काय घेतात त्या? लाजू नका. काढा, चूर्ण, कुणी दिलेलं काहीही."

सूर्यभानदादांनी घसा खाकरला. "मी करमाडहून एक काढा आणला व्हता. अर्जुनाच्या सालीचा. हृदयाला चांगला म्हणून."

"तरी म्हणलं बाटली कोणाची," ताई म्हणाल्या.

"तू गुडघ्याला तेल दिलंस ते?"

"तेल गुडघ्याला लावलं ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग ते राहू द्या. काढा किती दिवस?"

"दोन घोट घेतला अन् ओतून दिला मायनं. मुंग्यांना पाज म्हणली," दादा म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "आठवा. घरी जाऊन कपाटं बघा. आत्ता इंजेक्शननं ठोके थोडे वर येतील, पण टिकतीलच असं नाही. नाही टिकले तर गळ्याजवळच्या शिरेतून तार घालून बाहेरून मशीन लावावं लागेल. त्या कागदावर सही करून ठेवा."

सूर्यभानदादांनी पेन घेतलं. रेल्वेत क्लार्क म्हणून तीस वर्षं सह्या केलेला माणूस, पण त्या रेघेवर त्यांचं नाव अर्ध्यातच थांबलं. रत्नमालाताईंनी हळूच त्यांच्या कोपराला धरलं. वर्षभर ही दोघं बहीण-भाऊ एकमेकांशी निरोप धाडून बोलत होती. सही पूर्ण झाली.

*

आत एकाच माणसाला सोडत होते. ताई म्हणाल्या, "तू जा. तुझा हात वळखती ती."

मशीनवर हिरवा आकडा होता. एकेचाळीस. मग अडतीस. सुकेशनीनं त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघत राहिली. दर ठोक्याला मशीन टुक करायचं. तिचं मन तेवढ्या वेळात सगळीकडे जाऊन यायचं: आकाशचा मोबाईल कंपनीच्या गेटवर जमा आहे, त्याला सहाशिवाय कळणार नाही, आत्यांना काही झालं तर उद्या येणारी माणसं कशासाठी येतील, करुणा जेवली का. टुक.

"सुकेशनी."

"आहे आत्या. इथंच आहे."

"दिवस मावळला नं? माझे थेंब राह्यले. करुणाला हाक मार."

"राहू द्या थेंब आता. झोपा."

"राहू दे कशी. थेंब चुकला की अंधार व्हतो म्हणला डाक्टर."

पडद्यापलीकडून डॉक्टरबाई आल्या. "कुठले थेंब?"

"डोळ्यांचे," सुकेशनी म्हणाली. माशी वारावी तसं म्हणाली. "काचबिंदूचे. औषध नाही, नुसते डोळ्यात..."

डॉक्टरबाईंचं पेन कागदावर थांबलं होतं.

"नाव काय थेंबांचं?"

नाव सुकेशनीला माहीत नव्हतं. घरात त्याला नाव नव्हतंच. थेंब म्हणजे थेंब. दीड वर्षापूर्वी रत्नमालाताईंनी वैजापूरला आईचे डोळे दाखवले, तेव्हापासून चालू होते. फाईल ताईंकडेच राहिली, बाटली संपली की ताई येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत दुसरी पाठवायच्या. आधी आकाश टाकायचा, पण त्याचा हात हलायचा, थेंब गालावर जायचा. एक दिवस करुणानं टाकला तो बरोबर बुबुळावर पडला. मालनबाईंनी तिच्या तळव्याचा मुका घेतला होता. "हिच्या हाताला गुण हाय," त्या म्हणाल्या. तेव्हापासून सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा हे करुणाचं काम. थेंब टाकला की आजीच्या घशात कडू उतरायचं, म्हणून करुणा गुळाचे दोन खडे घेऊन यायची. एक आजीला, एक टाकणाऱ्याला.

सुकेशनीनं मनकर्णाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग मनकर्णाबाईंची हनुवटी, मग करुणा.

"आजी उठली का?"

"बाळा, थेंबांची बाटली आण. तिच्यावरची इंग्रजी अक्षरं वाच. मोठी मोठी."

करुणानं बाटली डोळ्यांजवळ धरली. दुसरीतली मुलं वाचतात तशी, एकेका अक्षरावर मान हलवत ती वाचायला लागली. "टी. आय. एम. ओ..."

"टिमोलॉल," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे क्षणभर मिटून घेतले. मग फोनजवळ वाकून अगदी मऊ आवाजात विचारलं, "छान वाचतेस तू. किती थेंब टाकतेस गं?"

"एकेका डोळ्यात एक लिहिलंय. पण आजी पटकन डोळा मिटते, मग तो वाया जातो. मग मी दुसरा टाकते."

"आज किती टाकले?"

"तीन तीन. आजीच म्हणाली टाक. उद्या आजोबांचा फोटो तिला नीट बघायचाय."

सुकेशनीनं फोन बंद केला. बंद करताना तिला करुणाचं तोंड उघडं दिसलं, पुढचं काहीतरी विचारत असलेलं.

*

"गोळी आणि थेंब एकाच जातीचे आहेत," डॉक्टरबाई तिघांना सांगत होत्या. "थेंब डोळ्यातच राहत नाही. कोपऱ्यातल्या नळीनं नाकात उतरतो, तिथून घशात, तिथून रक्तात. घशाला कडू लागायचं ना? तेच ते. थेंब टाकल्यावर दोन मिनिटं डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा असतो. कुणी सांगितलं नव्हतं?"

सुकेशनीला गुळाचा डबा दिसत होता.

"नुसते थेंब होते तोवर शरीरानं निभावलं. पाच आठवड्यांपूर्वी वरून गोळी आली. दोघं मिळून एकाच गोष्टीला मागं ओढायला लागले. गोळी लिहून देताना त्यांनी विचारलं असेल, दुसरं काय चालू आहे?"

विचारलं होतं. सुकेशनीला ती खुर्ची, ते टेबल, टेबलावरचं कॅलेंडर सगळं आठवलं. "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" आणि ती ठामपणे, थोड्या अभिमानानंच म्हणाली होती, "नाही डॉक्टर, एकही नाही." खोटं बोलली नव्हती. त्यांच्या घरात जे पोटात जातं ते औषध. डोळ्यात पडतं ते पाणी.

"मी नाही म्हणाले," ती म्हणाली. "मला विचारलं होतं. मीच नाही म्हणाले."

"मग आता सगळं बंद करून टाका ना डाक्टर," सूर्यभानदादा म्हणाले. "गोळी बी, थेंब बी. नकोच काही."

"हे इथं आम्ही मशीन लावून बघत बघत थांबवतोय. घरी अशी गोळी आपल्या मनानं एकदम कधीही तोडायची नाही, हृदय उसळी मारतं. आणि थेंब कायमचा बंद केला तर डोळा जाईल. डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून दुसरा बघू. आधी हे उतरू द्या. रात्र काढायची आहे." त्या आत गेल्या.

सूर्यभानदादा भिंतीला टेकले. भीती माणसाला कुणाच्या तरी अंगावर टाकायला लागते. "पण सात वर्षाच्या लेकराच्या हातात औषध देतं का कुणी? काय म्हणावं या घराला."

सुकेशनीनं मान खाली घातली. उत्तर आलं ते भलतीकडून.

"मग तू येणार व्हतास करमाडहून, सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायला?" रत्नमालाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "अन् फाईल कुठंय म्हाईतंय का दादा? माझ्या कपाटात. मह्या लग्नातल्या साडीखाली, नीट घडी करून. डोळे वैजापूरला, काळीज संभाजीनगरला. आपणच मायचे वाटे केले, मग डाक्टरला सबंध माय दिसंल कशी."

ताई सुकेशनीशेजारी बाकावर येऊन बसल्या. दुपारपासून पहिल्यांदा त्यांनी तिचा हात हातात घेतला. त्यांचाही गार होता, पण भीतीनं.

"घरी जा. बाटली आण, आधारकार्ड आण, मायचं लुगडं आण. मी हाय इथं." मग हळू आवाजात, "अन् पोरीला काही कळू देऊ नको. तिला म्हणावं, आजीला ऊन लागलं. आपण सगळे तेच म्हणू."

आत मशीन टुक करायचं थांबलं आहे असं दोघींना एकदम वाटलं. दोघी श्वास रोखून दाराकडे बघत राहिल्या. मग ते वाजलं.

*

जिन्यात पाय ठेवला तर सुकेशनीच्या कानावर आलं.

टिण.

तिनं कठडा धरला. पहिल्या मजल्यापर्यंत तिच्या मनानं खुळ्यासारखी खात्री करून घेतली, की आत्या मागच्या दारात बसल्या आहेत आणि दुपार झालीच नाही.

टिण. टिण.

करुणा बसली होती. आजीच्या जागेवर, आजीसारखाच एक पाय दुमडून. मनकर्णाबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या. ताट भरलेलं होतं, फरशीवर एक दाणा नव्हता.

"सगळे निवडले," करुणा म्हणाली. "अकरा खडे निघाले. आजीला सांगशील ना, मी न बघता काढले?"

"सांगते."

"तिला काय झालंय?"

"ऊन लागलं." सुकेशनी कपाटाकडे वळली. लुगडं काढलं, आधारकार्ड काढलं. पाठीवर पोरीची नजर तिला लागत होती. घड्याळात सहाला पाच कमी होते.

वळली तर करुणा दारात उभी होती. हात धुऊन आली होती, आजीनं शिकवलं तसे, कोपरापर्यंत. एका मुठीत बाटली. दुसऱ्या मुठीत गुळाचे दोन खडे, वितळायला लागलेले.

"चल. थेंबाची वेळ झाली."

"आज नको बाळा." सुकेशनीनं तिच्या मुठीतून बाटली काढून घेतली. शक्य तितकी हळू घेतली, तरी ती हिसकावल्यासारखी झाली. "आज डॉक्टर बघतील."

"डॉक्टरबाईंचा नेम बरोबर आहे?"

"आहे."

करुणा रिकाम्या झालेल्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं तो उलटा-सुलटा केला, बोटं पसरली, परत मिटली. खाली रस्त्यावरून कुणीतरी रिक्षाला हात करत होतं. सुकेशनीला निघायचं होतं.

"त्यांनी मला का विचारलं, किती टाकतेस म्हणून?"

सुकेशनीनं पिशवीचे बंद घट्ट केले. ते आधीच घट्ट होते.

"आई," करुणानं तो हात तिच्यासमोर धरला, "माझ्या हाताला गुण आहे ना?"